विषाणूला स्फटिकरूप देणारा शास्त्रज्ञ : वेंडेल स्टॅन्ली

एखादी वस्तू मुळात काय आहे हे जाणावयाचे, तर प्रथम ती इतर वस्तूंपासून वेगळी काढावी लागते. रसायनशास्त्राचा हा साधा नियम विषाणूंना लावून दाखविणारे वेंडेल मेरेडिथ स्टॅन्ली यांचा जन्म १६ ऑगस्ट १९०४ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात, रिजव्हिल या लहानशा गावी झाला. आईवडील वृत्तपत्र चालवीत. अर्लहॅम महाविद्यालयात असताना फुटबॉलचे शिक्षक व्हावे, अशी त्यांची मनीषा होती. परंतु इलिनॉय विद्यापीठात प्रा. रॉजर ॲडम्स यांची भेट झाली आणि आयुष्याला वेगळे वळण लागले. १९२९ साली डॉक्टरेट मिळवून ते काही काळ म्युनिकला राहिले, १९३१ मध्ये रॉकफेलर संस्थेत रुजू झाले आणि पुढील वर्षी तिच्या प्रिन्स्टन येथील शाखेत गेले.

तंबाखूच्या पानांवर फिकट-गडद ठिपके पाडणाऱ्या मोझेक रोगाचे कोडे तेव्हा सुटलेले नव्हते. रोगट पानांचा रस जंतू अडविणाऱ्या गाळणीतून गाळला, तरी तो रोग पसरवितो, हे इव्हानोव्स्की यांनी १८९२ सालीच दाखविले होते. पण त्या रसात दडलेले ते काय होते? प्रिन्स्टनमध्येच नॉर्थ्रप यांनी पेप्सिन स्फटिकरूपात मिळविले होते. स्टॅन्ली यांनी प्रथिने शुद्ध करण्याचा तोच मार्ग धरला. पाने गोठवून दळावयाची, रस पिळावयाचा, अमोनियम सल्फेट घालून साका बसवावयाचा, रंगद्रव्ये काढून टाकावयाची आणि पुन्हा विरघळवून पुन्हा साका बसवावयाचा. प्रत्येक पायरीवर निरोगी रोपांच्या पानांवर द्रव चोळून पाहावयाचे : रोगाची शक्ती नेमकी कोणत्या भागात गेली? सुमारे टनभर पानांतून अखेर चमचाभर सुईसारखे स्फटिक हाती आले. ते पुनःपुन्हा विरघळवून घडविले, तरी त्यांची रोग देण्याची शक्ती कायम राहिली. १९३५ साली ही वार्ता प्रसिद्ध होताच सजीव-निर्जीवांमधील सीमारेषाच डळमळू लागली.

मात्र या यशात एक चूक दडली होती. विषाणू म्हणजे निव्वळ प्रथिन, असे स्टॅन्ली यांनी मानले. इंग्लंडमध्ये बॉडेन व पिरी यांनी १९३६ साली त्यात फॉस्फरस आणि रायबोन्यूक्लिइक आम्ल असल्याचे दाखविले. हे आम्ल केवळ सहा टक्क्यांच्या आसपास होते. पण पुढे तेच विषाणूचे बीज ठरले.

दुसऱ्या महायुद्धात स्टॅन्ली यांनी ही विद्या माणसाच्या कामी लावली. कोंबडीच्या फलित अंड्यांत वाढविलेला इन्फ्लुएन्झाचा विषाणू अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रात घालून ते वेगळा व घट्ट करीत आणि फॉर्मलिनने निष्क्रिय करून त्यापासून लस बनवीत. १९४६ साली समनर व नॉर्थ्रप यांच्यासमवेत त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९४८ मध्ये ते बर्कली येथे गेले आणि तेथे त्यांनी विषाणू प्रयोगशाळा उभारली. तेथेच १९५५ साली शॅफर व श्वेर्ट यांनी पोलिओच्या विषाणूचे स्फटिक मिळविले. त्याच प्रयोगशाळेत फ्रेंकेल-कॉनराट यांनी तंबाखूच्या विषाणूचे प्रथिन व आम्ल वेगळे करून पुन्हा जोडले आणि पुढील वर्षी एकटे आम्लही रोग देऊ शकते हे दाखवून दिले. गुरूची जुनी समजूत गुरूच्याच छत्राखाली अशी दुरुस्त झाली.

१५ जून १९७१ रोजी स्पेनमधील सालामान्का येथे स्टॅन्ली यांचे निधन झाले. त्यांचा निष्कर्ष अपुरा होता. परंतु त्यांनी पदार्थ इतका शुद्ध करून ठेवला होता, की इतरांना त्यातील उणीव शोधता आली. शास्त्रज्ञाच्या कार्याची याहून मोठी कसोटी कोणती?