नोकरीत राहूनही विद्यार्थी राहिलेले सर सय्यद



सर सय्यद अहमद खान यांचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे अलीगढ उभे राहते. परंतु १८७५ साली अलीगढची शाळा निघाली तेव्हा सर सय्यद सत्तावन्न वर्षांचे होते. त्यापूर्वीची सुमारे सदतीस वर्षे त्यांनी सरकारी नोकरीत काढली होती, हे आपण सहसा विसरतो. आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी नुकतीच नोकरीला लागली असेल, अथवा त्या खटपटीत असेल, तर या सदतीस वर्षांची हकीगत आपण अवश्य वाचावी.

सर सय्यद यांचा जन्म १७ ऑक्टोबर १८१७ रोजी दिल्लीत झाला. घराणे मोठे. आईचे वडील ख्वाजा फरीदुद्दीन हे मोगल बादशहाचे वजीर होते. पण दरबाराचे नाव तेवढे शिल्लक होते, सत्ता केव्हाच गेली होती. आई अजीजुन्निसा शिस्तीची आणि समजूतदार. मुलाच्या अभ्यासावर तिचे बारीक लक्ष असे. सय्यद अहमद फारसी, थोडे अरबी, गणित व हकिमी शिकले. परंतु तारुण्यात हे शिक्षण अर्धवटच सुटले. १८३८ मध्ये वडील वारले आणि लाल किल्ल्यातून घरात येणारे उत्पन्न जवळजवळ बंद झाले. घराण्याच्या मोठेपणावर चूल पेटत नाही, हे एकविशीच्या आतच त्यांच्या ध्यानात आले.

नातेवाइकांना कंपनी सरकारची चाकरी पसंत नव्हती. तरीही ते दिल्लीचे सदर अमीन मौलवी खलीलुल्ला खान या आपल्या आप्तांच्या कचेरीत जाऊन काम शिकू लागले आणि लवकरच तेथे फौजदारी शाखेत शिरस्तेदार झाले. १८३९ साली आग्र्याच्या कमिशनर कचेरीत त्यांना नायब मुन्शीची जागा मिळाली.

वाचकहो, येथून पुढचा भाग नीट ध्यानात घ्या. नायब मुन्शीने समोर आलेले कागद निकालात काढले म्हणजे त्याचे काम संपले, असे कोणीही म्हटले असते. सय्यद अहमद यांनी मात्र त्या कागदांमागचे नियम शिकून घेतले. आधी त्यांनी महसुलाचे कायदे अभ्यासले. मग मुन्सफाची जागा मनात धरून दिवाणी कायद्यांचा अभ्यास केला, आणि तो करताना त्या कायद्यांचे एक सुटसुटीत टिपण तयार केले. मुन्सफाच्या जागेसाठी परीक्षा द्यावी लागत होती. ती ते उत्तीर्ण झाले आणि १८४१ च्या डिसेंबरात मैनपुरीचे मुन्सफ झाले. बढतीचा हुकूम त्या महिन्यात निघाला खरा, पण त्याची तयारी आधीची दोन वर्षे चालली होती. त्यांनी आणखी एक गोष्ट केली. ते टिपण त्यांनी पेटीत कुलूपबंद ठेवले नाही, तर छापून प्रसिद्ध केले, आणि त्याच परीक्षेला बसणाऱ्या इतर उमेदवारांना त्याचा उपयोग झाला. दुसरा पुढे गेला तर आपण मागे पडू, ही भीती त्यांना शिवली नाही.

मैनपुरीहून फतेहपूर सिक्री आणि तेथून १८४६ साली दिल्ली अशा त्यांच्या बदल्या झाल्या. दिल्लीला आले तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे, संसारी आणि न्यायासनावर बसणारे अधिकारी होते. अशा माणसाने पुन्हा उस्तादापुढे पुस्तक उघडून बसावे, हे आपल्यापैकी किती जणांना रुचेल? सय्यद अहमद बसले. लहानपणी अर्धवट राहिलेला अरबी व धर्मशास्त्राचा अभ्यास त्यांनी दिल्लीच्या विद्वानांकडे जाऊन नव्याने केला. सुट्टीच्या दिवसांत ते दिल्लीच्या जुन्या इमारती पाहत हिंडत. कुतुबमिनारावरचे उंचावरील लेख वाचण्यासाठी ते टोपलीत बसून वर लटकत. त्या श्रमांतून १८४७ साली ‘आसारुस्सनादीद’ हा ग्रंथ झाला. १८५४ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली, १८६१ मध्ये फ्रेंच भाषांतर झाले, आणि १८६४ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने त्यांना सन्माननीय सभासद करून घेतले.

१८५५ साली ते बिजनोरला सदर अमीन झाले. १८५७ च्या उठावात ते सरकारच्या बाजूने राहिले आणि तेथील इंग्रज कुटुंबांचे प्राण त्यांनी वाचविले. त्यांच्या या भूमिकेविषयी मतभेद आहेत, आणि १८५८ साली मुरादाबादला सदरुस्सुदूर म्हणून मिळालेल्या बढतीत या निष्ठेचाही वाटा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण पुढे गाझीपूर, अलीगढ, बनारस येथे अठरा वर्षे ते पद त्यांनी सांभाळले ते आपल्या कामाच्या जाणकारीवर.

मात्र त्यापुढची पायरी त्यांना चढता आली नाही. वरच्या जागा बहुतेक इंग्रजांच्या हाती होत्या. शिवाय इंग्रजी भाषा त्यांना कधीच चांगली आली नाही. ही उणीव त्यांनी ओळखली. १८६४ मध्ये गाझीपूरला इंग्रजी ग्रंथांची उर्दू भाषांतरे करणारी सायंटिफिक सोसायटी त्यांनी काढली. मुलगा सय्यद महमूद याला विलायतेत शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा सर सय्यद यांनी घर गहाण टाकले, ग्रंथसंग्रह विकला आणि १८६९ च्या एप्रिलमध्ये आपल्या मुंबई बंदरातून मुलांसह जहाजाने निघाले. महमूद केंब्रिजला शिकले, बॅरिस्टर झाले आणि १८८७ साली अलाहाबाद हायकोर्टाचे कायम न्यायाधीश झाले. बापाला जो दरवाजा बंद होता, तो एका पिढीत मुलासाठी उघडला.

पण एकट्या आपल्या मुलासाठी उघडून ते थांबले नाहीत. १८७६ साली ते नोकरीतून निवृत्त झाले. १८७७ मध्ये अलीगढ कॉलेजची पायाभरणी झाली, आणि १८९८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी सारे बळ त्या कॉलेजला दिले. त्यातूनच १९२० साली विद्यापीठ झाले. मुलींच्या शाळांबाबत मात्र त्यांचे पाऊल मागेच राहिले. ती उणीव अलीगढमध्ये १९०६ साली शेख अब्दुल्ला यांनी मुलींची शाळा काढून भरून काढण्यास सुरुवात केली.

तरुण मित्रांनो, वशिला नाही, ओळख नाही, म्हणून बढती नाही, अशी तक्रार आपल्यात नेहमी ऐकू येते. ती काही वेळा खरीही असते. परंतु जागा रिकामी होईल त्या दिवशी आपली तयारी असेल का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. आपल्या खात्याचे नियम वाचा. वरच्या जागेची परीक्षा कोणती, ती आजच विचारून घ्या. भाषा कच्ची असेल तर वयाची लाज न धरता शिकवणी लावा. आणि पालकहो, मुलगा कमावता झाला, मुलगी नोकरीला लागली, आता पुस्तक कशाला, असे घरात म्हणू नका. संध्याकाळचा एक तास त्यांना अभ्यासाला मोकळा द्या. परीक्षा पास झाल्यावर मात्र आपली टिपणे रद्दीत घालू नका. मोहल्ल्यात त्याच परीक्षेला बसणारा दुसरा कोणी असेल, त्याच्या हाती ती द्या.