कुटुंबप्रमुख रमाई

२७ मे हा माता रमाईंचा स्मृतिदिन. या दिवशी विहाराविहारांतून रमाईंना वंदन केले जाते, त्यांच्या त्यागाची गाणी गायली जातात. आम्ही वस्त्यांमधून एकल महिलांसोबत काम करतो. त्यामुळे रमाईंचे चरित्र वाचताना आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. रमाईंनी अनेक वर्षे एक घर एकटीने चालवले. कमाईचा भरवसा नाही, खाणारी तोंडे अनेक आणि निर्णय घेणारी बाई एकच, असे ते घर होते. त्या अंगाने हे चरित्र सांगावे, असे आम्हाला वाटते.

रमाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ रोजी दापोलीजवळच्या वणंद गावी झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहण्याची हमाली करत. आई रुक्मिणी लवकर गेली आणि पुढे वडीलही गेले. रमा, धाकटी गौरा आणि शंकर ही पोरकी भावंडे वलंगकर काका व गोविंदपूरकर मामांबरोबर मुंबईला भायखळ्याला आली. आईविना घरात धाकट्यांना सांभाळणारी पोर म्हणजे रमा. घर चालवण्याचे शिक्षण तिला तेव्हापासूनच मिळाले.

१९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर, रमा आणि भीमराव यांचे लग्न लागले. नवरी नऊ वर्षांच्या आसपासची होती. सासरे सुभेदार रामजी हे घराचा कणा होते. १२ डिसेंबर १९१२ रोजी यशवंतचा जन्म झाला. फेब्रुवारी १९१३ मध्ये रामजींचे निधन झाले आणि पाचच महिन्यांनी बाबासाहेब न्यूयॉर्कला निघाले. घरचा म्हातारा कर्ता गेला, तरुण कर्ता समुद्रापार गेला. मागे राहिलेल्या रमाई तेव्हा अवघ्या पंधरा वर्षांच्या होत्या आणि कडेवर सात महिन्यांचे मूल होते.

बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची होती. त्यात बाबासाहेबांना स्वतःचे राहणे, खाणे आणि पुस्तके भागवायची होती, शिवाय पोटाला चिमटा घेऊन घरीही पैसे पाठवायचे होते. ते पैसे पुरणारे नव्हते. रमाईंनी शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या आणि विकल्या, ही आठवण आपल्या घराघरांत सांगितली जाते. ती सांगताना आपण रमाईंच्या कष्टांवर थांबतो. पण गोवऱ्याच का, हे आपण विचारत नाही. निरक्षर, लहान मूल पदरात आणि अस्पृश्य ठरवलेल्या जातीतली बाई यापेक्षा वेगळे काय विकू शकत होती? भांडवल लागणार नाही आणि मूल सोबत ठेवता येईल, असे तेवढेच काम तिच्या हाती होते. आजही नवरा सोडून गेलेली बाई भंगार वेचते किंवा चार घरची धुणीभांडी करते, त्यामागे हेच गणित असते.

१९१७ च्या ऑगस्टमध्ये बाबासाहेब परतले. बडोद्याची नोकरी जातीच्या छळामुळे टिकली नाही. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार ४५० रुपये. घराला बरे दिवस आले असे वाटावे, तर त्या पगारातील मोठा भाग लंडनचे अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी शिल्लक टाकायचा होता. घर पुन्हा काटकसरीवर चालले. शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडचे पाच हजारांचे कर्ज घेऊन बाबासाहेब जुलै १९२० मध्ये पुन्हा निघाले. ते १९२३ मध्ये परतले. या दोन प्रवासांची मिळून जवळजवळ सात वर्षे रमाई त्या घराच्या प्रमुख होत्या.

आणि हे घर फक्त मायलेकरांचे नव्हते. दीर आनंदराव यांच्या पश्चात त्यांची पत्नी लक्ष्मीबाई आणि मुलगा मुकुंद हेही याच कुटुंबात होते. दोन बायकांनी मिळून मुले वाढवली. एकट्या पडलेल्या बायका एकमेकींच्या आधाराने घर उभे ठेवतात, हे आम्ही वस्त्यांत रोज पाहतो. कोणत्याही योजनेच्या अर्जात त्याला रकाना नसतो.

या गरिबीची सर्वांत मोठी किंमत मुलांनी चुकवली. यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न या पाचांपैकी एकटे यशवंतच जगले. गंगाधर गेला तेव्हा कफनाला पैसे नव्हते आणि रमाईंनी स्वतःच्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला, असे सांगतात. १९ जुलै १९२६ रोजी राजरत्न गेला. तोवर बाबासाहेब बॅरिस्टर झाले होते. उपासमारीची वर्षे संपली, तरी त्या वर्षांनी शरीरावर केलेला घाव संपत नाही.

तरीही रमाई हात आखडणाऱ्या नव्हत्या. धारवाडच्या वसतिगृहात धान्य संपून मुले उपाशी असल्याचे कळताच त्यांनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या. उपास ज्याने पाहिला आहे, त्याला दुसऱ्याच्या पोरांचा उपास बघवत नाही.

राजगृहात राहण्याचे सुख त्यांना फार थोडे लाभले. दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्यांनी तिथेच शेवटचा श्वास घेतला. येवल्याची घोषणा त्यानंतर पाच महिन्यांच्या आतच झाली. १९५६ ची धम्मदीक्षा तर २१ वर्षे दूर होती. पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला.

त्या काळी कोणी घरोघर जाऊन नोंद घेतली असती, तर कुटुंबप्रमुख म्हणून बाबासाहेबांचेच नाव लिहिले गेले असते. आजही वस्त्यांत हेच घडते. नवरा दारूत बुडालेला असतो, परगावी असतो किंवा दुसरा संसार थाटून बसलेला असतो, पण कागदावर प्रमुख तोच. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातील ज्येष्ठ स्त्रीला प्रमुख मानले, हे चांगले झाले. पण खोली, वीजबिल, भाडेकरार पुरुषाच्याच नावावर राहतात. विधवेकडे निदान पतीच्या मृत्यूचा दाखला असतो. टाकून दिलेल्या बाईकडे दाखवायला काहीच नसते. संजय गांधी निराधार योजनेसाठी कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला २१,००० रुपयांच्या आत लागते, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. चार घरची भांडी घासणारी बाईही या मर्यादेबाहेर जाते.

तरुण मित्रमैत्रिणींनो, बाबासाहेबांच्या पदव्यांमागे एका बाईने चालवलेले घर होते, हे आपण अभिमानाने सांगतो. मग आपल्या वस्तीत अशी किती घरे आहेत, हेही आपल्याला माहीत असले पाहिजे. यंदाच्या स्मृतिदिनी प्रत्येक विहाराने आपल्या भागातील एकट्या बाईच्या घरांची यादी करावी. कोणाचा कोणता कागद अडला आहे हे लिहून घ्यावे, सोबतीला एक कार्यकर्ता देऊन तिला तहसील कार्यालयात न्यावे आणि कागद हातात येईपर्यंत पाठपुरावा करावा. त्या घरातील मुलांच्या फीची आणि पुस्तकांची जबाबदारी जयंतीच्या वर्गणीतून उचलावी. उत्पन्नाची मर्यादा वाढवण्याच्या मागणीसाठी सह्या गोळा कराव्यात.

रमाईंच्या वेळी अशी सोबत उभी राहिली असती, तर कदाचित त्यांची आणखी लेकरे जगली असती. आज ती सोबत देणे आपल्या हाती आहे.

माता रमाईंना विनम्र अभिवादन. जय भीम!