भालचंद्र माधव उदगावकर

भालचंद्र माधव उदगावकर (१४ सप्टेंबर १९२७ – २१ डिसेंबर २०१४) हे भारतीय सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञ व शिक्षणविचारक होते. मूलकणांच्या भौतिकीतील संशोधनाबरोबरच संशोधन संस्था आणि शालेय विज्ञान शिक्षक यांच्यात प्रत्यक्ष सहकार्य घडवून आणण्याच्या प्रयत्नांसाठी ते ओळखले जातात.

संशोधन

१९४९ मध्ये उदगावकर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. फ्रान्समधील साक्ले येथे अणुभट्टीविषयक प्रशिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी भारताच्या आरंभीच्या अणुभट्टी कार्यक्रमात भाग घेतला. पुढे ते मूलकणांच्या भौतिकीकडे वळले. अणुकेंद्रकांवरून होणाऱ्या उच्च ऊर्जेच्या प्रोटॉनांच्या विकिरणावर मरे गेल-मान यांच्यासमवेत लिहिलेला त्यांचा निबंध १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. गेल-मान यांना १९६९ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला.

विज्ञान शिक्षकांसोबतचे कार्य

शाळेतील विज्ञान सुधारायचे तर नवे पाठ्यपुस्तक पुरेसे नाही, शिक्षकाने स्वतः प्रयोग केलेला असला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. उपकरणे कपाटात कुलूपबंद आणि प्रयोग फळ्यावर, ही स्थिती तेव्हा सार्वत्रिक होती. शिक्षकाला आदेश देऊन ती बदलत नाही. म्हणून संशोधकांनी शिक्षकांच्या शेजारी बसून काम करावे, असा त्यांचा आग्रह राहिला. १९६०च्या दशकात स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशन फॉर सायन्स एज्युकेशनच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. टाटा संस्थेतील शास्त्रज्ञ मुंबई महानगरपालिकेच्या शाळांतील शिक्षकांसोबत काम करू लागले. साध्या, स्वस्त साहित्यातून प्रयोग उभे करणे हा या कामाचा गाभा होता.

याच अनुभवातून १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या अनुदानावर सुरू झालेल्या या केंद्राची धुरा व्ही. जी. कुलकर्णी यांच्याकडे होती; उदगावकर त्याच्या प्रमुख प्रवर्तकांपैकी एक होते. केंद्राचा आरंभ नाना चौकातील महानगरपालिकेच्या शाळेत झाला. शिक्षणाचे संशोधन शाळेपासून दूर राहू नये या भूमिकेशी ही जागा सुसंगत होती. मानखुर्दची वास्तू फार नंतरची.

केंद्राचा जळगाव जिल्ह्यातील खिरोदा येथील प्रकल्प ग्रामीण शाळांमध्ये राबवला गेला. मुलांना अडचण विज्ञानाची की पुस्तकी मराठीची, हा प्रश्न तेथे पुढे आला. भाषा सोपी केल्यावर आकलन सुधारते, असे केंद्राच्या अभ्यासांतून दिसले. भाषेचा हा मुद्दा शिक्षक प्रशिक्षणाच्या चर्चेत आजही पुरेसा येत नाही.

मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाची पार्श्वभूमीही अशीच होती. १९७२ मध्ये १६ उच्च प्राथमिक शाळांत सुरू झालेल्या त्या कार्यक्रमात टाटा संस्थेतील व दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिकांनी शिक्षकांच्या प्रशिक्षण शिबिरांत भाग घेतला. शासनाने तो २००२ मध्ये बंद केला.

अन्य कार्य

उदगावकर मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्ष होते. मराठीतून विज्ञानप्रसार आणि अण्वस्त्रबंदी या विषयांवर त्यांनी लेखन केले. भारत सरकारने १९८५ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.