१६० फोटोंचा माणूस: फ्रेडरिक डग्लस आणि आपला प्रोफाइल फोटो

नोकरीच्या प्रोफाइलसाठी फोटो काढायचा म्हटलं की आपलं काय होतं? खांदे आखडतात, हात कुठे ठेवावेत कळत नाही, हसू चिकटवल्यासारखं दिसतं. शेवटी एखाद्या लग्नातला फोटो क्रॉप करून आपण वेळ मारून नेतो. आज अशा माणसाची गोष्ट पाहू, ज्याने कॅमेऱ्यासमोर बसणं आयुष्यभर गांभीर्याने घेतलं. नाव फ्रेडरिक डग्लस. १९व्या शतकात सर्वाधिक फोटो निघालेले अमेरिकन म्हणून ते ओळखले जातात. त्यांचे सुमारे १६० वेगवेगळे फोटो आज माहीत आहेत. अब्राहम लिंकनचेही इतके नाहीत!

आईचा एकही फोटो नाही

डग्लस १८१८ साली अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मले. जन्मतारीख त्यांना कधीच कळली नाही. तान्हे असतानाच त्यांना आईपासून वेगळं केलं गेलं, आणि ते साधारण सात वर्षांचे असताना ती वारली. तेव्हा फोटोग्राफीच नव्हती, आणि गुलाम बाईचं चित्र कोण काढणार? पुढे मोठेपणी मानववंशाच्या एका पुस्तकात त्यांना इजिप्तच्या प्राचीन राजाचं चित्र दिसलं. त्यात त्यांना आईची चेहरेपट्टी दिसली, म्हणून ते पान ते पुन्हा पुन्हा उघडून बघत. आईची आठवण म्हणून त्यांच्याकडे एवढंच होतं.

बाल्टिमोरमध्ये मालकिणीने त्यांना अक्षरं शिकवायला घेतली, पण तिच्या नवऱ्याने ते बंद पाडलं. उरलेलं वाचन ते लपूनछपून शिकले. ३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाचे कपडे घालून ते रेल्वेने पळाले. खिशात एका स्वतंत्र कृष्णवर्णीय खलाशाची उसनी कागदपत्रं होती. त्या काळच्या ओळखपत्रावर फोटो नसे, शब्दांत वर्णन असे. ते वर्णन त्यांच्याशी जुळत नव्हतं. पण तिकीट तपासणाऱ्याने नीट पाहिलं नाही, आणि २४ तासांच्या आत ते न्यूयॉर्कला पोहोचले. ज्यांच्या मदतीने हे जमलं त्या ॲना मरे यांच्याशी त्यांनी काही दिवसांतच लग्न केलं.

पत्र्यावरचा चेहरा

पुढच्याच वर्षी, १८३९ मध्ये, पॅरिसमध्ये डगेरोटाइप हे तंत्र जगासमोर आलं. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आयोडीनच्या वाफेवर धरायचा, कॅमेऱ्यात घालायचा आणि नंतर पाऱ्याच्या वाफेने चित्र उमटवायचं. निगेटिव्ह नाही, म्हणून कॉपीही नाही. सुरुवातीच्या काळात काही सेकंदांपासून मिनिटभरापर्यंत न हलता बसावं लागे. डोकं स्थिर राहावं म्हणून मागे लोखंडी आधार लावत.

डग्लस यांचा सर्वात जुना ज्ञात फोटो १८४१ च्या आसपासचा आहे. तेव्हा ते कायद्याच्या नजरेत फरार गुलाम होते. १८४५ मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं आणि त्यात त्यांचं चित्रही छापलं. म्हणजे नाव उघड, चेहराही उघड. पकडले जाण्याच्या भीतीने त्यांना ब्रिटनला जावं लागलं. तिथल्या समर्थकांनी १८४६ मध्ये पैसे भरून त्यांचं स्वातंत्र्य विकत घेतलं. परत येऊन १८४७ मध्ये त्यांनी रॉचेस्टर शहरात स्वतःचं वर्तमानपत्र सुरू केलं.

ते हसले का नाहीत?

त्या काळात छापील चित्रांत कृष्णवर्णीय माणूस बहुतेक वेळा विदूषकासारखा नाहीतर गुलामीत खुश असलेला दाखवत. एका पुस्तकात चित्रकाराने डग्लस यांनाही सौम्य, हसरा चेहरा दिला. १८४९ मध्ये त्यांनी आपल्या वर्तमानपत्रातच त्यावर आक्षेप घेतला. चित्रकाराच्या हातात त्याचा पूर्वग्रह उतरतो, कॅमेरा मात्र समोर आहे ते टिपतो, असा त्यांचा विश्वास होता. यादवी युद्धाच्या काळात त्यांनी फोटोग्राफीवर व्याख्यानंही दिली.

म्हणून त्यांनी आपली एक पद्धत ठरवून टाकली: गडद कोट, साधी पार्श्वभूमी, हातात शोभेच्या वस्तू नाहीत, नजर ठाम आणि चेहऱ्यावर जवळजवळ कधीच हसू नाही. पुढे कागदावर भरपूर प्रती काढणारं तंत्र आलं आणि हा चेहरा घरोघरी पोहोचला. काळे केस पांढरे झाले, ते मोठ्या सरकारी पदांवर गेले, हैतीमध्ये अमेरिकेचे राजदूत झाले, पण कॅमेऱ्यासमोरचा माणूस तोच राहिला. २० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचं निधन झालं.

हा लढा आपल्यापासून फार दूरचा नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच अर्पण केलं होतं.

आपल्या फोनसाठी यातून काय घ्यायचं?

डगेरोटाइपमध्ये चेहरा सहसा आरशासारखा उलटा येई. आपल्या सेल्फी कॅमेऱ्याचा प्रिव्ह्यूही तसाच असतो. सेव्ह झालेला फोटो सुलटा झाला की आपलाच चेहरा आपल्याला विचित्र वाटतो. तो विचित्र नसतो, लोक आपल्याला रोज तसंच बघतात.

दुसरं, हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं दिसतं, कारण ते लेन्सच्या सर्वात जवळ असतं. फोन मित्राच्या हातात द्या, दीड-दोन मीटर लांब उभं करा, शक्य असेल तर २x झूम वापरा. फोन डोळ्यांच्या उंचीवर हवा. खिडकीशेजारी, बाजूने उजेड येईल असं बसा. मागे साधी भिंत पुरे.

तिसरं आणि महत्त्वाचं: ब्युटी मोड बंद करा. अनेक फोन न विचारताच त्वचा उजळ आणि गुळगुळीत करतात. डग्लस ज्या चित्रकारावर चिडले होते, तो आता सॉफ्टवेअर होऊन खिशात बसलाय. सावळा रंग ही दुरुस्त करायची चूक नाही.

आणि सहजपणा? तो एका क्लिकमध्ये येत नाही. डग्लस पन्नासेक वर्षं कॅमेऱ्यासमोर बसत राहिले. फोटोत आपण कोण म्हणून दिसायचं हे आधी ठरवा, मग तीस-चाळीस फोटो निवांत काढा. हसू येत असेल तर हसा, नसेल तर नका हसू. चेहरा तुमचा आहे, तो कसा दिसावा हे तुम्हीच ठरवायचं.