डॉ. ह्यू यंग : मूत्रमार्गातला पडदा ओळखणारे सर्जन

जखमेवरचं लाल औषध, मर्क्युरोक्रोम, अनेकांना आठवत असेल. ते १९१९ मध्ये पुढे आणणारे डॉ. ह्यू हॅम्प्टन यंग (१८७०–१९४५) मुळात मूत्रविकारांचे सर्जन. जन्म टेक्सासचा, काम बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. माझ्या मते त्यांचं दुसरं काम मोठं. काही मुलग्यांच्या मूत्रमार्गात जन्मतः पातळ पडदा (व्हॉल्व्ह) असतो. लघवी तुंबून मूत्राशयावर, किडन्यांवर दाब येतो. पूर्वी तो बहुधा शवविच्छेदनातच सापडे. यंग यांनी तो दुर्बिणीतून पाहिला, उपकरणाने काढला आणि १९१९ मध्येच त्याचे तीन प्रकार मांडले. आता शंका अनेकदा गर्भाच्या सोनोग्राफीतच येते. पडदा मात्र आजही दुर्बिणीनेच कापतात. त्यानंतरही किडनीची तपासणी वर्षानुवर्षं करावी लागते, ती चुकवू नका.