तापट घरातला मुलगा

फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक घरात मात्र विलक्षण तापट होते. त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. वडील वामनराव म्हणजे जमदग्नीच. आई जानकीबाईंना कवितेची आवड. पण नवऱ्याच्या रागाची झळ त्यांनाच बसे. मुलगा ते पाहत वाढला. आई गेली तेव्हा तो अकरा-बारा वर्षांचा होता. त्याने घर सोडले आणि पुढे नाशिक गाठले.

नाशकात गणेशशास्त्री लेले यांच्याकडे तो संस्कृत शिकला. घर तुटलेल्या पोराला विद्या मिळाली, गुरू मिळाला. त्यातून पुढे कवी आणि वक्ता घडला.

राग मात्र सुटला नाही. १८८० मध्ये लक्ष्मीबाईंशी लग्न झाले. टिळकांना राग आला की भान राहत नसे. न सांगता ते घरातून निघून जात. राग उतरला की तितकीच हळहळ. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त हे सारे कडवटपणा न ठेवता लिहिले आहे. पण सोसावे त्यांनाच लागले.

दीडशे वर्षांनंतर टिळकांच्या स्वभावाला एखाद्या आजाराचे नाव देणे योग्य नाही. मात्र घरात मारहाण पाहणाऱ्या मुलांमध्ये आक्रमकपणाचा धोका वाढतो, हे आज पक्के ठाऊक आहे. शिवाय किशोरवयात भावना उसळवणारे मेंदूचे भाग लवकर जागे होतात, लगाम घालणारा पुढचा भाग सावकाश पिकतो. कधी चिडचिडीमागे नैराश्य, अभ्यासातली अडचण किंवा व्यसनही दडलेले असते.

टिळक पंचविशीत असताना, १८८६ मध्ये, रत्नागिरीला मनोरुग्णालय निघाले. पण रागीट मुलाशी बसून बोलणारे तेव्हा कोणी नव्हते. आज वैभववाडीतल्या पालकांना वाट आहे. आधी ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांना भेटावे. त्यांच्या चिठ्ठीवर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात पुढचा सल्ला घेता येतो. घाट चढून कोल्हापूरलाही जाता येते. तेवढेही जमत नसेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत, मराठीतून बोलता येते. देवाला गाऱ्हाणे घालायचे तर जरूर घालावे, पण डॉक्टरांची भेट लांबवू नये. मुलगा स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू लागला, तर थेट रुग्णालय गाठावे.

उपचारात गोळ्या दर वेळी लागतातच असे नाही. राग चढण्याची खूण ओळखणे, तिथेच थांबणे, मन मोकळे करणे हे मुलाला शिकवले जाते. पालकांनाही शिकावे लागते : आवाज न चढवता नियम पाळायला लावणे आणि हात न उगारणे.

टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले. वामनरावांचा राग मुलापर्यंत आला, कारण मध्ये त्याला अडवणारे कोणी नव्हते. आज ते काम घरातल्या मोठ्यांना करता येते, आणि त्याची सुरुवात त्यांनी स्वतःच्या रागापासून करायची असते.