क्लेमेन्स फॉन पिर्के

क्लेमेन्स फॉन पिर्के (१२ मे, १८७४ – २८ फेब्रुवारी, १९२९) हे ऑस्ट्रियातील बालरोगतज्ज्ञ व वैद्यकीय संशोधक होते. ‘ॲलर्जी’ हा शब्द त्यांनी घडवला. औषधाने उद्भवणारा प्रत्येक त्रास हा त्या औषधातील विषाचाच परिणाम नसतो, काही वेळा तो शरीराच्या प्रतिकारातून निर्माण होतो, ही कल्पना वैद्यकात रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांच्याकडे जाते.

== जीवन ==
पिर्के यांचा जन्म व्हिएन्नाजवळील हिर्शश्टेटन येथे एका सरदार घराण्यात झाला. इन्सब्रुक येथे धर्मशास्त्र व लूव्हाँ येथे तत्त्वज्ञान शिकल्यावर ते वैद्यकाकडे वळले आणि १९०० साली ग्राट्स विद्यापीठाचे वैद्यकीय पदवीधर झाले. त्यानंतर व्हिएन्नातील मुलांच्या रुग्णालयात त्यांनी थिओडोर एशेरिख यांच्या हाताखाली काम केले. काही काळ ते अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात व नंतर ब्रेस्लाउ येथे प्राध्यापक होते. १९११ मध्ये ते एशेरिख यांच्या जागी व्हिएन्नाला परतले. पहिल्या महायुद्धानंतर उपासमारीने ग्रासलेल्या ऑस्ट्रियातील मुलांसाठी अमेरिकन मदतीतून चाललेल्या अन्नवाटपाची आखणी त्यांनी केली. १९२९ साली पिर्के व त्यांच्या पत्नीने व्हिएन्नात विष घेऊन जीवन संपवले.

== रक्तरसजन्य आजाराचा अभ्यास ==
त्या काळी घटसर्पावर घोड्याच्या रक्तरसातून मिळवलेले प्रतिविष टोचत. त्याने असंख्य मुले वाचली. परंतु काहींना इंजेक्शननंतर साधारण आठ ते बारा दिवसांनी ताप येई, अंगावर गांधी उठत, सांधे दुखत व लसीका ग्रंथी सुजत. रक्तरस विषारी असेल, तर इतके दिवस शांततेत कसे जातात, हा खरा प्रश्न होता. पिर्के व त्यांचे सहकारी बेला शिक यांनी दिवसांचा काटेकोर हिशेब ठेवला. तेच रक्तरस पुन्हा टोचल्यास आजार काही तासांत वा नेहमीपेक्षा लवकर उद्भवतो, असे त्यांना आढळले. यावरून, मधला काळ शरीरात प्रतिपिंडे तयार होण्याचा असून परक्या रक्तरसाशी त्यांचा संयोग झाल्याने आजार होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९०५ मध्ये या विषयावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रक्षण करणारी प्रतिपिंडेच अपाय करतात, हे मत तेव्हाच्या समजुतीला धक्का देणारे होते.

== ‘ॲलर्जी’ संज्ञा ==
१९०६ साली पिर्के यांनी ‘दुसरे’ व ‘कार्य’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून ही संज्ञा बनवली. परक्या पदार्थाशी संपर्क आल्यावर शरीराच्या प्रतिसादात होणारा कोणताही बदल, मग तो हितकर असो वा अपायकारक, त्यांना अभिप्रेत होता. आज रूढ असलेला अर्थ पुष्कळच संकुचित आहे. याच विचारातून १९०७ मध्ये त्यांनी क्षयरोगाच्या निदानासाठी ट्यूबरक्युलिनची त्वचा-चाचणी तयार केली.

== नंतरचे वर्गीकरण ==
१९६३ साली गेल व कूम्ब्स यांनी अतिसंवेदनशीलतेचे चार प्रकार पाडले. रक्तरसजन्य आजार त्यांतील तिसऱ्या प्रकारात मोडतो. १९७७ मध्ये रॉलिन्स व टॉम्प्सन यांनी औषधांच्या अनिष्ट परिणामांचे दोन वर्ग सुचवले. मात्रेवर अवलंबून असणारे व औषधाच्या ज्ञात गुणधर्मांवरून अपेक्षित असे परिणाम ‘अ’ वर्गात, तर तसा अंदाज न बांधता येणारे ‘ब’ वर्गात येतात. पेनिसिलिनची ॲलर्जी ‘ब’ वर्गातील आहे.